शेजारणीची चावी आणि माझा भोंगा

१९९१ साल. मी सत्तेचाळीस वर्षांचा होतो. शिक्षण चौथी, काम अंबरनाथला मोरिवलीच्या कारखान्यात फिटरचं, राहायला तिथल्याच चाळीत. त्या वर्षी माझा साडू बदलापूरला नव्या फ्लॅटमध्ये गेला. तो ऑफिसात पंख्याखाली बसणारा. त्याने कंपनीचा माणूस बोलावून दाराला चोराचा अलार्म बसवून घेतला आणि आम्हाला मुद्दाम वाजवून दाखवला. दोन आवाजांत वाजायचा, एक बारीक, एक जाड.

"दाजींचं सगळं कसं विचार करून असतं," येताना रिक्षात बायको म्हणाली.

माझ्याबद्दल असं ती बावीस वर्षांत एकदाही बोलली नव्हती. खोटं कशाला सांगू, अलार्म मला नकोच होता. ते वाक्य हवं होतं.

आमच्या घरात चोरण्यासारखं काय, तर एक मिक्सर आणि तिची बोरमाळ. तरी मी उल्हासनगर गाठलं. सिंधी दुकानदाराने दाराला लावायचा चुंबकाचा स्विच, बॅटरी आणि भोंगा समोर मांडला.

"लगाने को आदमी भेजूं, साईं?"

"आदमी मैं ही है," मी म्हणालो.

तो हसला. "तो ये वाला लो. एक बार बजा, तो दरवाजा बंद करने से भी नहीं रुकेगा. बटन दबाना पडेगा."

असला गुण साडूच्या अलार्ममध्ये नव्हता. तोच घेतला.

शनिवारी सुट्टी टाकून बसवायला घेतला. चुंबक दाराच्या फळीवर, स्विच चौकटीवर. दोन्हींत बोटभर फट राहिली, त्यामुळे दार बंद असलं तरी बोंब. स्विचखाली लाकडाची चकती ठोकून फट मिटवली तेव्हा गप्प झाला. चालू-बंद करायचं बटण बाहेर, मीटरच्या पेटीमागे लपवलं.

"शेजारच्या वहिनींना बटण दाखवून ठेवा हो," बायको म्हणाली. आमची एक चावी कायम त्यांच्याकडे असायची, चाळीत रीतच ती. आम्ही घरी नसलो आणि नळ आला, तर वहिनी दार उघडून आमचं पिंप भरून ठेवायच्या.

"सगळ्या चाळीला दाखव. मग चोरालाच चहाला बोलव," मी म्हणालो. साडूने त्याचं बटण कुणाला दाखवलं होतं?

रविवारी आम्ही बदलापूरला जेवायला गेलो. मी विषय काढलाच.

"स्वतः बसवलात?" साडू म्हणाला. "शॉक-बिक नाही ना बसला?"

सगळे हसले. बायकोही हसली. मी ताट पुढे सारलं.

"हात धुवा आणि चला अंबरनाथला. आत्ताच दाखवतो," मी म्हणालो.

चाळीच्या तोंडाशीच भोंगा ऐकू आला. खरं सांगतो, मला आधी आनंद झाला. वाटलं, चोर सापडला, आणि तोही साडूच्या देखत! मी धावतच सुटलो.

आमच्या दारात वहिनी उभ्या होत्या. हातात बादली, पदर भिजलेला, भोवती अख्खी चाळ. मी पेटीमागचं बटण दाबलं. एकदम शांत झालं सगळं.

"नळ आला म्हणून आले होते, भावोजी," वहिनी म्हणाल्या. "दार लावलं तरी थांबेना. तासभर लोक मला बघतायत. पोरं चोर चोर ओरडली." त्यांनी चावी माझ्या नाही, बायकोच्या हातात ठेवली. "आता तुमचं पाणी तुम्ही भरा."

"वाजतो मात्र झकास हं, साडूभाऊ," मागून साडू म्हणाला.

बायको बादली उचलून नळावर गेली. पिंप अर्धंच भरलेलं होतं.

माफी मागायला माझी जीभ तेव्हा वळली नाही, आजही वळत नाही. आणि साडूच्या भोंग्याचे ते दोन आवाज अजून माझ्या डोक्यातून गेलेले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मीटरच्या पेटीमागचं बटण काढलं, वायर वाढवली आणि वहिनींचं दार वाजवलं. त्यांच्या घरात, चौकटीच्या आतल्या बाजूला, त्यांचा हात पोचेल असं बटण बसवलं. स्टूल बायकोने येऊन धरलं. आमची चावी तिथेच खिळ्याला अडकवली.

"आधी हे दाबायचं, मग आमचं दार उघडायचं," वहिनींना एवढंच म्हणालो, आणि डबा उचलून कामावर गेलो.