रॅम मीच बसवली

रॅम मीच बसवली होती, आणि हे मी तेव्हाही कुणापासून लपवलं नाही. कॉम्प्युटर सुरू होईना म्हटल्यावर पहिला प्रश्न आला तो हाच, "कुणी हात लावला?" मी म्हटलं, "मी लावला. माझ्याशिवाय त्याला हात लावतंय कोण?"

असं बोलले खरी. मी मुळातच घाबरट. दाराला कडी घातली का हे बघायला अर्ध्या वाटेतून मागे फिरणारी. पण घाबरटाने मागे हटलंच पाहिजे, असा काही नियम नाही. मला तरी तो कुणी शिकवलेला नाही. शाळेत शिकवत असतील तर माहीत नाही. माझी शाळा सातवीला संपली. पुढची शाळा शेजारच्या गावात होती आणि मुलीला एवढ्या लांब पाठवायचं नाही असं घरात ठरलं. गंमत अशी की, शेजारच्या गावाला न पाठवलेली मुलगी पुढे नांदेडच्या पलीकडून थेट भिवंडीला आली. बहीण बाळंत होणार होती, भावजी मागावर कामाला, घरात कुणीतरी हवं होतं. मी आले ती राहिले.

भिवंडीतच टेमघरला बहिणीची खोली होती. मागे एक शेड, तिथं मी कांड्या भरायला जायचे. माग चालतो तो बाण्याच्या, म्हणजे आडव्या, सुतावर, आणि ते सूत ज्या छोट्या लाकडी काडीवर गुंडाळतात ती कांडी. दिवसभर कांड्या भरायच्या आणि कांडीवर बसलेला कापूस फुंकून उडवायचा. फुंक मारायची ती सवय एवढी लागली की जेवताना भाकरीवरही फुंक मारायचे. बहीण हसायची.

शेडची जमीन काकींची. काकी म्हणजे तिथल्याच शेतकरी घरातल्या, नवरा वारलेला, आवाज मात्र चार पुरुषांचा. एकदा त्यांना लग्नाची पत्रिका वाचून हवी होती. चष्मा घरी राहिला होता. मी वाचली. निमंत्रकांची सगळी नावं, एकही न अडखळता. काकी म्हणाल्या, "कांड्या काय भरतंस? माझ्या गाल्यावर ये. मशीन नुसती धूल खाते."

मशीन म्हणजे कॉम्प्युटर. काकींनी तो मुलासाठी घेतला होता. मुलाला, म्हणजे दादाला, कोर्स झाल्यावर त्यातली गोडी संपली आणि तो गोदामांच्या धंद्यात गेला. रस्त्याकडेच्या गाळ्यात टेबल, खुर्ची, प्रिंटर सगळं तसंच पडलं होतं. सुरुवातीचं दादानेच शिकवलं, हे सांगितलंच पाहिजे. मराठी टाइप कसं करायचं, फोटो कसा कापायचा, फाइल सीडीवर कशी घालायची. बाकी मी चुकत चुकत शिकले. दोन वर्षांत आसपासच्या पाड्यांमधल्या लग्नपत्रिका आणि हळदीचे बॅनर माझ्याकडून व्हायला लागले.

या बॅनरनेच सगळं घडवलं. आमच्याकडे हळदीचा बॅनर म्हणजे नुसता नवरदेवाचा फोटो नव्हे. मधे नवरदेव, मागे उगवता सूर्य, आणि खाली चौकटी चौकटीत त्याचे मित्र, सगळे काळ्या चष्म्यात. एकही मित्र वगळता येत नाही. वगळला तर हळदीत मारामारी. आणि आमचा कॉम्प्युटर दहाएक चेहरे लावले की गोठायचा. माउस हलायचा नाही, चित्र अर्धं निळं, अर्धं पांढरं. गिऱ्हाईक मागे उभं राहून म्हणायचं, "ताई, माझा चेहरा आला की हँग होतो, बरोबर?" हसू यायचं, पण काम तसंच राहायचं. शेवटी मी काकींच्या मागे लागले की रॅम वाढवू या. रॅम म्हणजे मशीनची आठवण ठेवायची जागा, ती वाढली की जास्त चेहरे मावतील. काकी म्हणाल्या, "माझ्यात पन वाढव जरा." आणि हो म्हणाल्या.

कल्याणच्या दुकानदाराने रॅमची पट्टी हातात दिली आणि बसवायची कशी ते काउंटरवर दाखवलं. खाचेत धरायची, दोन्ही अंगठ्यांनी दाबायची, बाजूच्या क्लिपा टक टक लागल्या की झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मशीनचा डबा उघडला आणि आत बघतच राहिले. आतमध्ये उशी होती. भिवंडीत कापूस कुठे जात नाही? केसांत, डाळीत, पाण्याच्या माठावर. पण मशीनच्या पोटात एवढा! मी काय करणार? जे हाताला, खरं तर तोंडाला, ठाऊक होतं ते केलं. जोरात फुंक मारली. कापूस उडाला, पांढरं धुकं झालं, मी खोकले. मग जुन्या पट्टीशेजारच्या खाचेत नवी पट्टी दाबली, टक टक आवाज आला, बटण दाबलं.

पीं. थांबून पीं. थांबून पीं. पडदा काळाच. पंखा फिरतोय, दिवा लागलाय, आणि पीं.

नवी पट्टी काढली. म्हटलं, जाऊ दे, होता तसा तरी होऊ दे. जुन्या एका पट्टीवर बटण दाबलं. पीं. खरी घाबरले ती इथे. नवं चाललं नाही याचं काही नाही, पण जुनंही परत येईना.

काकी आल्या, मशीनचा आवाज ऐकून म्हणाल्या, "रडते कशी बघ. नजर लागली. लग्नाचा सीझन हाय, सगल्यांचा डोला हाय आपल्यावर." त्यांनी मीठ-मोहऱ्या आणून कॉम्प्युटरवरून उतरवल्या. मी हसले नाही. मीही मनातल्या मनात म्हणत होते, लागू दे गुण, कशाचाही लागू दे. गुण आला नाही.

दुपारी दादा आला. पीं ऐकून त्याने डोक्याला हात लावला नाही, उलट चेहरा मोकळा झाला. "बोर्ड गेला असेल," तो म्हणाला. "आई, मी सांगत होतो. ट्रान्सपोर्टवाला शेठ बुकिंग ऑफिससाठी गाळा मागतोय. उद्या सकाळी बघायला येतोय. हे आता भंगारात दे."

"बोर्ड गेला हे नक्की का?" मी विचारलं.

"नक्की काय ते मलापण कळत नाय. पण चालू होतोय का? नाय ना? मग. तू कशाला टेन्शन घेते? तुझं काय जातंय?"

माझं काय जात होतं ते त्याला खरंच माहीत नव्हतं. भावजींनी महिन्याभरापासून लावून धरलं होतं की आता भाचा मोठा झाला, हिला गावी पाठवू, तिकडे स्थळ ठरतंय. स्थळ कोणतं, मला कुणी विचारलं नव्हतं. "ती कामाला जाते," या एका वाक्यावर बहीण त्यांना थोपवून धरत होती. गाळा गेला की ते वाक्य गेलं, आणि ते गेलं की मी गाडीत.

मी काकींकडे बघितलं. काकींनी मुलाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, पदराने चेहरा पुसला.

"शेठ बघून जाईल तवर मशीन चालू झाली तर गाला हिचा," त्या म्हणाल्या. "न्हाय झाली तर मी आडवी येनार न्हाय. पोटचा पोर हाय तो. मला दोगांत मारू नका."

मी रस्त्यापलीकडच्या पीसीओवर गेले आणि कल्याणच्या दुकानदाराला फोन लावला. पाठीमागे रांग होती, मागच्याने माझ्या खांद्यावर श्वास सोडत "जल्दी करो" लावलं होतं. मी एका हाताने कान दाबून सगळं सांगितलं.

"मॅडम, भिवंडी से बोल रहे हो ना?"

"हां."

"खोला तो क्या किया?"

"फूंक मारी."

तो एवढा हसला की रिसीव्हर कानापासून लांब धरावा लागला. "भिवंडीवाले सब फूंक मारते हैं! अरे मॅडम, रुई उड़ के कहाँ गई? खाँचे में गई. ऊपर से आपने रॅम दबा दी." मग त्याने हसणं थांबवून नीट सांगितलं. कोरड्या ब्रशने खाच साफ करायची. पट्टीचे पिवळे दात खोडरबराने घासायचे. मग एका वेळी एकच पट्टी, एकदा या खाचेत, एकदा त्या खाचेत. "और डरना मत. डर के आधा दबाओगे तो नहीं बैठेगी." मी त्याचं तोंड पुन्हा कधी बघितलं नाही, पण त्या माणसाचं भलं होवो असं अजून म्हणते.

परत आले तर लाइट गेलेली. लोडशेडिंग. आता उद्याच.

घरी बहिणीला सांगितलं. ती भाकरी थापत म्हणाली, "वाद घालू नको गं. काकींचे किती उपकार आहेत आपल्यावर. त्यांच्या मुलाला गाळा पायजे तर हसत दे. उपकाराची जाण ठेव."

जाण मला होती. आजही आहे. कांड्यांच्या शेडमधून मला उचलून खुर्चीवर बसवणारी बाई मी विसरेन कशी? पण त्या दिवशी मला भलताच राग आला. उपकाराची जाण ठेव, म्हणजे दरवेळी ऊठ, असंच का असतं? शाळेतून ऊठ, गावातून ऊठ, आता खुर्चीतून ऊठ. ज्याने बसवलं त्याची जाण ठेवायची तर बसूनच ठेवावी ना? मी बहिणीला म्हटलं, "काकींनी मला ऊठ म्हटलेलं नाही अजून." ती म्हणाली, "म्हणतील." मी म्हटलं, "म्हणू दे त्यांना. मी स्वतःहून उठायची नाही."

सकाळी दुकानं उघडायच्या आधीच गाळ्यावर गेले. वाटेत खोडरबर आणि एक नवा टूथब्रश घेतला. मशीन टेबलावरून उतरवून जमिनीवर आडवी केली, खुर्ची भिंतीला सारली आणि खाली मांडी घातली. फुंक मारायची नाही म्हणून पदर तोंडाला बांधला. ब्रशने वरवरचा कापूस निघाला, खाचेतला निघेना. मग खराट्याचा एक हीर मोडून घेतला आणि टोकाने अलगद ओढत गेले. दाबून बसलेला कापूस वातीसारखा बाहेर आला. पट्ट्यांचे दात घासले. काळे झालेले दात पिवळे झाले.

जुनी पट्टी, पहिली खाच. पीं. जुनी पट्टी, दुसरी खाच. पीं.

इतक्यात दादा आणि शेठ आले. शेठने खिशातून टेप काढली आणि कुणाशी न बोलता भिंत मोजायला लागले. मोजत मोजत माझ्या पाठीशी आले.

"बेन, जरा उठिए. पीछे का नाप लेना है."

मी नवी पट्टी हातात धरून बसले होते. म्हटलं, "काम चालू है."

"क्या काम? मशीन तो बंद है."

"बंद है इसलिए काम चालू है."

दादा म्हणाला, "अगं ताई, ऊठ ना जरा. दोन मिनटाचा प्रश्न आहे. शेठ काय म्हणतील?"

"दादा, तुम्ही मला शिकवलंत, मी विसरणार नाही," मी म्हटलं. "पण आता उठणार नाही. काकी म्हणतील तेव्हा उठेन."

काकी दारात चहाची किटली घेऊन उभ्या होत्या. सगळ्यांनी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी किटली खाली ठेवली. बोलणार की नाही हे मला कळेना, आणि मी वाटही बघितली नाही. नवी पट्टी दुसऱ्या खाचेत धरली. फोनवरचा माणूस म्हणाला होता, डरना मत. मी घाबरतच दाबली, पण पूर्ण दाबली. टक. दुसऱ्या बाजूनेही टक. बटण.

एकच, बारीक, पी. मग गप्प. मी पुढच्या पींची वाट बघत राहिले आणि ती आलीच नाही. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं धावायला लागली.

पुढे मी सगळं उलटसुलट करून बघितलं. पहिली खाच कायमची गेली होती, तिथं काहीच चालेना. जुनी पट्टीही गेली. नवी मात्र एकटीच आधीपेक्षा दुपटीने मोठी होती. सगळं काही जमलं असं नाही, पण मशीन चालू होती, आणि बोलणं तेवढंच झालं होतं.

"आज चालला," दादा म्हणाला. "उद्या परत बंद पडला म्हणजे?"

"मग उद्या परत उघडंल ती," काकी म्हणाल्या. त्यांनी शेठच्या हातात चहा दिला. "शेठ, चाय पियो. गाला खाली नहीं है. मागे दुसरी रिकामी शेड हाय, ती दाखवतो तुम्हाला."

दादा माझ्यावर रुसला. बरेच दिवस गाळ्याकडे फिरकला नाही. मला त्याचं वाईट वाटलं, पण एवढं नाही की मी जागा सोडावी. भावजींना बहिणीने त्या रात्री काय सांगितलं ते मला माहीत नाही. गावच्या स्थळाचा विषय मात्र त्या हंगामात पुन्हा निघाला नाही, आणि नंतर निघाला तेव्हा मी माझ्या तोंडाने उत्तर दिलं.

शेठ चहा पिऊन शेडकडे गेले. मी मशीन उचलून टेबलावर ठेवली, खुर्ची ओढली आणि बसले. बसले तेव्हा कळलं की पदर अजून तोंडाला बांधलेलाच आहे आणि आत मी घामाने भिजलेय. काकींनी जवळ येऊन गाठ सोडली.

"घाबरलीस काय गं?"

"लई," मी म्हटलं. "पण उठले नाही ना."