पाण्यात ठेवलेलं पर्जन्यमापक

वाचनालयातल्या मंडळींनो, हे फळ्यावर लावा आणि मला सोडवा!

आशियातला पाऊस कसा सरकतो हे अभ्यासायला मी साक्रीजवळच्या या कोरड्या खेड्यात आलो. आज सकाळी बघतो तर माझं पर्जन्यमापक गायब! सापडलं देवळात, पाण्याच्या घंगाळात बुडवलेलं. पाऊस यावा म्हणून इथे देव पाण्यात ठेवतात. यंदा देवाशेजारी माझं यंत्रही ठेवलंय.

मी हात घातला, तर देवळातल्या म्हाताऱ्या अक्कांनी मनगटच धरलं. "भाऊ, पानी येऊ दे, मंग लई जाय तुनं भांडं."

यंत्र सरकारी, ते टाकून धुळ्याची एसटी कशी धरू? पाऊस पडल्याशिवाय ते मिळणार नाही. आणि मंडळी, तो पाऊस मी मोजू कशात?