काकांचं काळं मंजन

माझ्या मायचे खालचे पुढचे दात ज्या माणसाने घालवले, तो आमच्या घरातलाच होता. बाबांचा चुलत भाऊ, म्हणजे माझे काका. रिसोडच्या आठवडी बाजारात मोठ्या छत्रीखाली बसून ते काळं मंजन विकायचे. मागे पांढऱ्याशुभ्र दातांचं चित्र, बाजूला बॅटरीवरचा भोंगा, आणि त्यातून त्यांचाच रेकॉर्ड केलेला आवाज: हिरडीतून रक्त, हिरडीतून पू, तोंडाचा वास, सगळ्यावर एकच इलाज.

मायच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं तेव्हा मी वाशीमला नोकरीला लागले होते. बाबा गेलेले, ती गावी एकटी. चूळ भरली की पाणी लाल. मी तिला दाताच्या डॉक्टरकडे चल म्हणाले आणि ती तयारही झाली होती. पण जाण्याआधी तिने काकांना विचारलं. काकांनी तिला भीती घातली की डॉक्टर मशीन लावतात, मशीन लागली की दात ढिले होतात, मग एकेक उपटावाच लागतो. रक्ताबद्दल म्हणाले, "खराब रक्त हाये वहिनी थे. मंजन लावा, आपोआप बंद होते."

आणि रक्त खरंच बंद झालं. माय गल्लीभर सांगत सुटली. तिच्या शब्दावर शेजारच्या बायांनीही डब्या आणल्या. रक्त थांबलं म्हणजे दुखणं गेलं, हे कोणालाही पटेल असंच होतं.

काही वर्षांनी तिचे दात लांब दिसायला लागले. दात वाढले नव्हते, हिरड्या सरकल्या होत्या. तोंडाला वास यायचा. समोरची बाई बोलता बोलता जरा मागे होते हे मायच्या लक्षात आलं, आणि तिने चारचौघींत बसणंच सोडलं. माझ्याशी बोलतानाही पदर तोंडावर. एक दिवस फोडणीच्या भाताचा घास चावताना खालचा दात हलला. भातानेसुद्धा. मग मी तिचं काही ऐकलं नाही, सरळ वाशीमला आणलं.

डॉक्टर बाई तरुण होत्या. त्यांनी हिरडी बोटाने दाबली तर पू आला. दात आणि हिरडीच्या फटीत त्यांनी एक बारीक सळई घातली, ती आत जातच राहिली. दात कशाने घासता विचारल्यावर मायने पिशवीतून डबी काढून मोठ्या अभिमानाने पुढे केली. त्यांनी वास घेतला आणि म्हणाल्या, "मावशी, ही तंबाखू आहे. भाजून कुटलेली."

मग त्यांनी आम्हाला समजावून सांगितलं. दातांवर रोज चिकट थर बसतो. तो निघाला नाही तर दगडासारखा घट्ट होतो, हिरडी सुजते, रक्त येतं. त्याच वेळी दात साफ करून घेतले असते, दोन वेळा हलक्या हाताने ब्रश केला असता, दातांच्या फटी साफ ठेवल्या असत्या, तर हिरड्या बऱ्या झाल्या असत्या. तंबाखूने हिरडीतल्या बारीक नसा आकसतात, म्हणून रक्त दिसेनासं होतं. आजार आत चालूच राहतो आणि दाताला धरून ठेवणारं हाड खातो. ते हाड सहसा भरून येत नाही. मायची शुगर वाढलेली होती, त्याने आणखी भर घातली. मशीनने दात ढिले होतात का, हेही मी विचारलं. त्या म्हणाल्या, ढिले आधीच झालेले असतात, दगड निघाल्यावर ते कळतं. वरचे दात वाचवता येतील, खालचे पुढचे काढावे लागतील.

माय सगळं ऐकत होती. तिने डबी परत पिशवीत ठेवली नाही. टेबलावरच सोडली.

पुढच्या खेपेला वरच्या दातांची हिरडीखालून सफाई व्हायची होती. आम्ही बाहेर बाकावर बसलो होतो. आतून मशीनचा किरकिर आवाज येत होता. तो थांबला, दार उघडलं आणि रुमालाने ओठ पुसत काका बाहेर आले.

आम्हाला पाहून ते जागीच थांबले. मदतनीस बाई त्यांना नेहमीच्या माणसासारखं सांगत होती की सहा महिन्यांनी पुन्हा या. काका मायच्या बाजूला येऊन टेकले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "वहिनी, बजारात बोलू नोका. पोट हाये माह्यं त्याच्यावर."

मी बोलणार होते, मायने माझा हात दाबला. मला वाटलं, तिने सोडून दिलं. पण घरी जाताना ऑटोत ती म्हणाली, "दात काढून झाले का लगेच बजारात जायचं. कवळी नंतर बसवू."

मला इतका आनंद कधी झाला नव्हता.

जखमा भरल्यावर आम्ही रिसोडला गेलो. काकांच्या छत्रीशेजारी मायने पोतं अंथरलं आणि बसली. इतकी वर्षं पदराआड ठेवलेलं तोंड त्या दिवशी तिने उघडं ठेवलं. भोंगा चालू होता. गिऱ्हाईक थांबलं की ती त्याला जवळ बोलवायची आणि ओठ खाली ओढून दाखवायची. "याच मंजनानं घासलं," एवढंच सांगायची.

काका आधी हसले. मग हात जोडून म्हणाले, घरचं भांडण घरी करू.

माय म्हणाली, "डब्या तुमी बजारात इकल्या ना? मंग बोलनं बी बजारातच होईन."

माणसं जमली. मी काकांसमोर उभी राहिले आणि म्हणाले, "काका, तुमचे दात दाखवा. कोनाकडून साफ करून घेता, थेबी सांगा." त्यांनी तोंड मिटलं ते मिटलंच. मंजन विकणारा माणूस तोंड उघडत नाही हे लोकांनी पाहिलं. एका म्हाताऱ्याने भोंगा बंद केला. काकांनी छत्री मिटली आणि उरलेल्या डब्या पिशवीत कोंबल्या. मी ते नीट पाहून घेतलं.

पुढच्या बाजारातही आम्ही गेलो, त्याच्या पुढच्याही. मग ते रिसोडला यायचे थांबले. कामरगावला बसतात असं कळल्यावर रजा टाकून मी तिथेही गेले. मला एस.टी.तून उतरताना पाहिलं आणि त्यांनी सामान आवरायला घेतलं. एक शब्दही बोलावा लागला नाही. आता ते प्लास्टिकच्या बादल्या विकतात.

मंजन सुटल्यावर मायच्या वरच्या हिरड्यांतून थोडे दिवस रक्त आलं. डॉक्टर बाईंनी तसं आधीच सांगून ठेवलं होतं, म्हणून ती घाबरली नाही. साफसफाई, शुगरच्या गोळ्या, सकाळ-संध्याकाळ ब्रश. वरचे दात टिकले. खाली कवळी आहे. तिने गल्लीतल्या बायांना घरोघरी जाऊन मंजन टाकायला लावलं, आणि दोघींना तर मी स्वतः वाशीमला नेलं.

लोक म्हणतात, झालं ते झालं, आता काकांना माफ करा. गेल्या उन्हाळ्यात नात्यातल्या एका लग्नात ते सगळ्यांसमोर मायपुढे आले आणि हात जोडून उभे राहिले. मायने त्यांच्याकडे पाहिलं, आणि शेजारच्या बाईला विचारलं की नवरीकडची माणसं कुठून आली. ती बाई सांगू लागली, माय ऐकू लागली. काका तसेच उभे होते. कोणीतरी त्यांना बाजूला नेईपर्यंत मी पाहत राहिले, आणि मला फार बरं वाटत होतं.