हातचा एक

आमच्याकडे भाड्याने राहणारी मुलगी शिक्षिका व्हायला शिकते आहे. दुसऱ्या दिवशी तिचा गणिताचा सराव पाठ होता. "आजी, तुम्ही दुसरीतली मुलगी व्हा," म्हणाली आणि दारावरच खडूने बेरीज मांडली. "सात आणि पाच बारा. दोन खाली, हातचा एक."

आमचे मास्तर 'हातचा एक' म्हणाले की मी खरोखरच मूठ आवळून बसायची. त्या मुठीवरच छडी बसली होती. ही मात्र म्हणाली, "दहा सुट्या काड्यांची एक जुडी बांधली. जुडी गेली शेजारच्या घरात. समजलं?"

समजलं होतं. तरी मी "नाही" म्हटलं. तिचा चेहरा पडलेला मला बघायचा होता.

"मग माझंच सांगायचं चुकलं," ती हसली आणि दार पुसून नव्याने मांडू लागली.

आपलं चुकलं असं इतक्या सहज म्हणायला अंगात केवढा भरवसा लागतो. मला तो म्हातारपणीही आला नाही. हिला विशीत कुठून मिळाला? नातीच्या वयाच्या पोरीचा हेवा करणं शोभत नाही, हे कळतं. कळून तो जात नाही.

"आता समजलं, आजी?"

"अजून नाही," मी म्हटलं.