मालतीबाईंचा मॅसेडोनिया

"शेजारच्या देशात दंगे चालू आहेत, म्हणून तर भाव पडलेत," जयंतीभाई फुलक्यावर तूप ओढत म्हणाले. "युरोप एवढा सस्ता परत मिळायचा नाही."

"पण युरोप म्हणजे युरोपच ना?" ज्योत्स्नाबेननी खात्री करून घेतली.

"शंभर टक्का! तळं आहे, डोंगर आहेत, जुनी चर्चं आहेत. फोटोत कोणाला कळतंय स्वित्झर्लंड की मॅसेडोनिया?"

ओट्यापाशी मालतीबाई पुढचा फुलका फुगवत होत्या. त्यांना स्वित्झर्लंडही माहीत नव्हता आणि मॅसेडोनियाही. जयंतीभाईंच्या घरी त्या कित्येक वर्षं दोन्ही वेळचा स्वयंपाक करत होत्या. जयंतीभाईंचा साडीच्या लेसचा धंदा, सुरतेत भटारला बंगला, घरात मोठं कुटुंब. मालतीबाई पांडेसऱ्याहून शटल रिक्षानं यायच्या. दुपारी परत जाऊन घरचं रांधायच्या, संध्याकाळी पुन्हा यायच्या. टाचांना भेगा, गुडघ्याला पट्टा. "कशा आहात?" कोणी विचारलं की उत्तर ठरलेलं, "उभी आहे."

त्या वर्षी त्यांच्या मनात एकच गोष्ट होती, आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. खानदेशातल्या सासुरवाशिणीला आखाजीला माहेर असतंच. भाऊ न्यायला येतो, लेक आठ दिवस माहेरी राहते, झोके घेते, आयतं खाते. मालतीबाईंचं माहेर अमळनेरजवळच्या एका खेड्यात. चौऱ्याण्णवला सुरतेत प्लेग आला तेव्हा त्या न बोलावता गेल्या होत्या, लेकरू घेऊन, पळत. गाव घाबरलं. त्यांना वेशीबाहेरच्या शाळेत ठेवलं. भावजय दुरून भाकरी ठेवून जायची. भाऊ पांडुरंग लांब बाभळीखाली उभा राहून बघायचा आणि निघून जायचा. त्यानंतर तो न्यायला आला नाही, आणि न्यायला कोणी आल्याशिवाय जाणं मालतीबाईंना जमलं नाही. यंदा मात्र त्यानं गावच्या एका ट्रकवाल्याकडून निरोप धाडला होता, की मी येतो.

"मालतीबेन," ज्योत्स्नाबेन वळून म्हणाल्या, "तुम्हाला पण घेऊन जाणार आहोत आम्ही!"

मालतीबाईंच्या हातातला चिमटा तसाच राहिला. "मला? कुठं?"

"अरे, मॅसेडोनियाला! मे महिन्यात. आखं घर भाड्यानं घेतोय तळ्याकाठी. रसोडं सकट."

रसोडं म्हटल्यावर मालतीबाईंना सगळं समजलं. "तिथं बायका नाहीत का रांधायला?"

"आहेत ने! माझी नणंद लेस्टरहून जाऊन आली. तिथं लोक घरातली खोली देतात. घरवाली स्वतः पाहुण्याला गोड देते चमच्यानं, वर पाणी. लाल मिरच्या भाजून काय छान चटणी करतात म्हणे. सकाळी नाश्ता तयार."

"मग तिच्याकडंच उतरा की."

"आणि तिच्या मांसमच्छीच्या भांड्यातलं खायचं? वेड्या की काय तुम्ही!" ज्योत्स्नाबेन खळखळून हसल्या. "म्हणून तर तुम्ही. फुकटात परदेश, मालतीबेन! विमानात बसायला मिळेल."

"किती वेळ बसायला मिळेल?"

"आखी रात्र समजा."

"तेवढंच," मालतीबाई म्हणाल्या आणि गॅस बारीक केला.

त्यांनी हो म्हटलं नाही. पण त्या घरात कोणी त्यांच्या होकारासाठी थांबतही नसे. पासपोर्टच्या दलालाकडे त्यांना गाडीतून नेण्यात आलं. फोटोवाला म्हणाला, "जरा हसा." ज्योत्स्नाबेन म्हणाल्या, "राहू दे, त्यांचा चेहराच थकेलो छे." मग रोज रात्रीच्या जेवणावर बेत चालायचे. तळ्यात होडी कोणत्या दिवशी, चर्चं किती बघायची, बेसनाचं पीठ किती न्यायचं. पीठ किती, हे मात्र मालतीबाईंना विचारलं जायचं. आखाजी मेमध्येच आहे, हे सांगायला त्यांनी दोनदा तोंड उघडलं. एकदा फोन वाजला, एकदा दूध उतू गेलं.

पांडेसऱ्याला आमच्या गल्लीत बातमी पोचली ती छगनभाऊंच्या तोंडून. छगनभाऊ म्हणजे मालतीबाईंचा नवरा. मिलमध्ये कापड रंगवायच्या जेट मशीनवर होता, रंगाच्या वाफेत. घरी आला की बोलायचं त्राण नसायचं. पण त्या आठवड्यात त्याची जीभ सुटली.

"आमच्या मंडळी विमानात जाणार!"

"मग तुम्ही काय करणार, भाकरी बडवणार?" शेजारच्या उषाबाईंनी टोला हाणला.

"बडवीन. बायको फॉरेनला आहे म्हणून सांगीन."

"मालतीबाई, साडीच नेसाल ना तिथं? थंडीत पाय उघडे पडतील हो!"

"तिथं चप्पल घालून रांधतात का गं?" कोणीतरी विचारलं आणि सगळ्या हसल्या. मालतीबाईही हसल्या, पण भिंतीला टेकूनच. मग म्हणाल्या, "उषा, मला नाही गं जायचं."

"अहाहा! देवानं दिलं तर म्हणे नाही जायचं. मला पाठव मग!"

"खरंच जाशील?"

"पासपोर्ट कुठंय माझ्याकडे!"

पांडुरंग आला तो एप्रिलातल्या एका रविवारी, सांगितल्यापेक्षा लवकर. दुसऱ्या दिवशी जयंतीभाई तिकिटं काढणार होते. पांढरा सदरा, हातात कैऱ्यांची पिशवी. तो उंबऱ्यातच उभा राहिला.

"आत ये ना, पांडू."

"येसू. पहिले बोलू दे." त्यानं खाली बघूनच सांगितलं, "तुले शाळामा ठेवं ना ताई, ते मनमा ऱ्हायनं. निरोप धाडा, पन म्हनं तोंडानं सांगवा पाहिजे. आखाजीले मी लेवाले येसू."

मालतीबाई पुढं झाल्या, त्याच्या हातातली पिशवी घेतली आणि त्याला आत घेतलं.

तेवढ्यात आतून छगनभाऊ ओरडला, "मी, तुमचा दाजी, सांगतो ना तुम्हाला! तुमची बहीण यंदा गावाला नाही येणार. विमानानं चालली युरोपला!"

पांडुरंगचा चेहरा आधी पडला, मग एकदम फुलला. "खरंच का वं, ताई? इमानमा?"

"अरे, रांधायला नेतायत मला."

"रांधाले का व्हयना! आपला गावमा इमानमा कोन बठनं शे?" त्यानं डोळे पुसले. "तू जाय. आखाजी दरसाल येस. मी सांगसू सगळासले, मनी बहीण परदेशले गयी."

छगनभाऊनं त्याच्या पाठीवर थाप मारली. दोघं चहाची वाट बघत पलंगावर बसले आणि विमान कुठून सुटतं यावर बोलू लागले.

मालतीबाई स्टोव्हपाशी गेल्या, पण तो पेटवला नाही. वळून म्हणाल्या, "मला कोणी विचारलं का?"

दोघांनी वळून बघितलं.

"शेठाणीनं विचारलं नाही. तुम्ही विचारलं नाही. आता पांडू, तूही जाय म्हणतोस. अरे, तिथं जाऊन मी काय बघणार? एवढ्या माणसांचे फुलके. तळं खिडकीतून दिसलं तर दिसलं." त्यांचा आवाज चढला नाही. "मला तळं नको. मला आठ दिवस कोणीतरी ताट वाढून द्यावं. मला बसायचंय रे."

"अगं, पण शेठ काय म्हणतील?" छगनभाऊ म्हणाला. "कामावरून काढतील."

"काढू देत. उठा, आज चहा तुम्ही करा. माझ्या भावाला द्या पहिल्यांदा."

पांडुरंग ओशाळून हसला. छगनभाऊ स्टोव्हला पिन मारत बसला.

संध्याकाळी त्या भटारला गेल्या आणि कणीक मळायच्या आधीच बोलल्या. ज्योत्स्नाबेननी कपाळाला हात लावला. "आता? उद्या तिकिटं आहेत, मालतीबेन! दुसरी कुठून आणू मी पासपोर्टवाली?"

"आखाजीला भाऊ नेणार आहे मला."

"गाव तर दरसाल असतं!"

"नसतं, बेन."

ज्योत्स्नाबेननी त्यांना कामावरून काढलं नाही. त्या वाईट बाई नव्हत्या. उलट त्यांना लगेच तोडगा सुचला. "मग एक करा. सगळा सूका नास्ता बनवून द्या जाण्याआधी. थेपले, खाखरा, सुखडी, पुरी. आम्ही तिथं चहा तेवढा करू."

मालतीबाई "बरं" म्हणाल्या.

पुढचे दिवस त्या तव्यासमोरून हलल्या नाहीत. थेपल्यांच्या चळती गार व्हायच्या आत नव्या तयार. ज्योत्स्नाबेनच्या जावेनं सुचवलं, भाऊजींना मेथीचे आवडतात. मुलं म्हणाली, तिखट नको. गॅसच्या धगीनं मनगटं भाजली, लाटण्यानं तळहात सुजले. "थोडंच राहिलं," ज्योत्स्नाबेन मायेनं म्हणायच्या आणि आणखी एक डबा आणून ठेवायच्या. शेवटच्या दिवशी बॅगा मुंबईच्या गाडीत चढल्या तेव्हा मालतीबाई फाटकापाशी हात हलवायला उभ्या होत्या. हात वर जात नव्हता.

पांडुरंग ठरल्याप्रमाणे आला. उधन्याहून पॅसेंजरमध्ये बसल्या बसल्या मालतीबाई झोपल्या. नंदुरबार गेलं, दोंडाईचा गेलं, त्यांना कळलं नाही. घरी भावजय सरस्वतीनं पायांवर पाणी घातलं, हाताला धरून आत नेलं. शाळेचा विषय दोघींपैकी कोणी काढला नाही. मालतीबाई खाटेवर आडव्या झाल्या त्या उठल्याच नाहीत. निंबाला झोके बांधले, पोरींनी गाणी धरली, शेजारणी डोकावून गेल्या. "सुरतवाली आली म्हणे?" "आली. झोपलीय."

आखाजीच्या दिवशी सकाळी सरस्वती दारात आली, हाताला मांड्यांचं पुरण लागलेलं.

"ताई, खापर तपनं. मांडा तुमनाच हातना पातळ व्हतस. सगळ्या वाट देखी ऱ्हायन्यात."

मालतीबाईंनी एक डोळा उघडला. इतक्या वर्षांत कुठल्याही चुलीला त्यांनी नाही म्हटलं नव्हतं.

"सरस्वती, माले आज जमाव नही."

सरस्वती जायला वळली. "मंग मना हातना जाडा खावा लागतीन."

"खाईन," मालतीबाई म्हणाल्या आणि भिंतीकडे कूस वळवली.