सावली नसलेली छपरं

शुभाताईने मला फसवलं होतं.

गुरुवारी ती गेली, तरी ते तसंच आहे.

दोन दिवस माझी वॉल तिच्या फोटोंनी भरली आहे. "शी वॉज लाइक अ मदर टू ऑल ऑफ अस." खरंय. माझ्यासाठीही होती. म्हणून तर राग इतका टिकलाय.

मी शिकागोजवळच्या शॉमबर्गला आलो तेव्हा जानेवारी होता आणि माझ्या पायात पुण्याहून आणलेले कॅनव्हासचे शूज. ताईने पहिल्याच दिवशी लंच ब्रेकमध्ये मला गाडीत कोंबलं आणि स्नो बूट घ्यायला नेलं.

"पायाची बोटं गळाली तर एचआरला मी काय सांगू रे?"

ती नागपूरची. आमच्या छोट्याशा कंपनीत माझी लीड.

काम असं, की पॅसिफिकमधल्या एखाद्या बेटावर वादळ येऊन गेलं की उपग्रहाचे फोटो उघडायचे आणि एकेका घराला रंग द्यायचा. लाल म्हणजे पडलं, हिरवं म्हणजे ठीक. तंबू, पत्रे, लाकूड आधी कुठे पाठवायचं, हे तिथले लोक आमच्या नकाशावरून ठरवायचे.

पहिल्या आठवड्यात मी एक अख्खी वस्ती हिरवी करून टाकली. छपरं धडधाकट दिसत होती ना.

ताई मागे येऊन उभी राहिली.

"छत काय पाहून राहिला? सावली पाह ना."

फोटो सकाळचा असतो. घर उभं असेल तर छपराच्या पश्चिमेला एक काळी पट्टी दिसते. समुद्राने आत घुसून भिंती नेल्या असतील तर छप्पर आहे तसं खाली बसतं. वरून बघाल तर अगदी व्यवस्थित. फक्त सावली नसते.

त्यानंतर आजतागायत मी एकही छप्पर सावली बघितल्याशिवाय सोडलेलं नाही.

तीन वर्षांपूर्वी असंच एक बेट आलं. नाव मुद्दाम लिहीत नाही. किनाऱ्यालगत चव्वेचाळीस घरं. समोरची खारफुटी कुणीतरी आधीच जेटीसाठी काढून टाकली होती, त्यामुळे पाणी थेट आत आलेलं. एकाही घराला सावली नव्हती. सतरा नंबरच्या छपराला कोपऱ्यात निळं ठिगळ होतं, ते अजून आठवतं.

मी चव्वेचाळीसही लाल केली.

फायनल नकाशात ती हिरवी होती. एडिट हिस्टरी उघडली. ताईचं नाव.

तडक तिच्या केबिनमध्ये गेलो.

"ताई, हे काय आहे?"

"दार लाव, ओंकार."

"सावली नाहीये तिथे. तूच शिकवलंस ना मला?"

"फील्ड कन्फर्मेशनशिवाय क्लायंटला एवढे रेड नको आहेत. शुक्रवारी डिलिव्हर नाही केलं तर कॉन्ट्रॅक्ट गेलं."

"मग जाऊ दे ना!"

तिने चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"तुझं व्हिसा एक्स्टेन्शन याच कॉन्ट्रॅक्टवर फाइल झालं आहे, राजा. प्राचीला सातवा महिना लागला. या अवस्थेत बायकोला घेऊन बॅगा भरशील? तुझ्यासाठीच करून राहिली मी हे."

माझ्यासाठी!

खोटं तू केलंस आणि माझ्या नावावर टाकलंस, ताई.

आणि मी काय केलं? गुपचूप दार उघडून बाहेर आलो. त्या भागातल्या बेटांवर जाऊन पाहणी करणाऱ्या सर्वेअर बाईंना सगळं लिहून ईमेल तयार केला आणि ड्राफ्टमध्ये ठेवून दिला. एक्स्टेन्शन अप्रूव्ह झालं तेव्हा ताईने ऑफिसात सांबारवडी, म्हणजे नागपुरी कोथिंबीरवडी, आणली. मी दोन खाल्ल्या.

महिन्याभराने त्या सर्वेअर बाई बोटीने तिथे पोचल्या. त्यांनी फोटो पाठवले.

सतरा नंबर. निळं ठिगळ. छप्पर जमिनीवर, एका बाजूने ओंडका लावून उचललेलं. आत अंथरुणं. बाहेर एक बाई उकिडवी बसून ओली लाकडं फुंकत होती. महिनाभर तिथे पाऊस होता.

सोबत बाईंचं एकच वाक्य. "हे गाव यादीत शेवटी टाकलं गेलं, तुम्हाला वरून काय दिसलं होतं, ते कृपया कळवा."

मी तो मेल ताईला फॉरवर्ड केला.

तिचं उत्तर आलं, "नोटेड."

बस. एवढंच.

मी टीम बदलली. तीन वर्षं आम्ही लिफ्टमध्ये हाय म्हणून मोकळे व्हायचो. ती आजारी पडल्याचं कळलं, तरी गेलो नाही. मला सॉरी नको होतं. "ओंकार, तुझं बरोबर होतं," एवढं तिने एकदा म्हणायला हवं होतं. तेवढ्याचीच वाट बघत होतो.

आज फ्युनरल होममध्ये अविनाश भावोजींनी माझा हात धरला.

"घरी तुझं फार नाव काढायची रे. म्हणायची, मी चुकले, ओंकारने बरोबर पाहिलं होतं."

मला तिथे उभं राहवेना. पार्किंग लॉटमध्ये येऊन गाडीत बसलो आणि ढसाढसा रडलो.

घरी सांगता आलं तुला, ताई. नवऱ्याला सांगता आलं. मी चार क्युबिकल पलीकडे बसत होतो. आणि ती लाकडं फुंकणारी बाई? तिला कोण सांगणार होतं?

मग लक्षात आलं, सर्वेअर बाईंच्या त्या मेलला मीही अजून उत्तर दिलेलं नाही.

आत्ता दिलं. प्राचीला आधी वाचून दाखवलं. आमचं ग्रीन कार्ड अजून लटकलेलंच आहे, हे तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. मांडीवर लेकीला घेऊन ती म्हणाली, "सेंड कर."

"चव्वेचाळीसही घरं पडलेली दिसली होती. मी तशी नोंद केली होती. ती बदलली गेली, हे मला त्याच आठवड्यात कळलं होतं. मी गप्प बसलो."

खाली फक्त माझं नाव घातलं. तुझं इथे लिहिलंय, कारण इथे सगळे तुला ओळखतात आणि तुझ्यावर जीव टाकतात. मीही.

ते स्नो बूट अजून वापरतो, ताई.

भावपूर्ण श्रद्धांजली. रागासकट.