चंद्र दिसला तरच सण

आमच्या ग्रुपचे किस्से सांगायला बसलं की चहा गार होतो, असं माझा नवरा दिलीप म्हणतो. खरंच आहे. ज्यांच्या सणांच्या तारखा वर्षभर आधी कॅलेंडरवर छापून येतात, त्यांच्याकडे सांगण्यासारखं फार नसतं. आमच्या तारखा आभाळातून आणि शेतातून येतात. मग किस्से साठणारच!

आधी थोडी ओळख करून देते. मी नगरची, ख्रिस्ती घरातली. आयटीतल्या नोकरीसाठी अमेरिकेत शॉमबर्गला आले आणि वॉल्टरकाकांच्या ग्रुपमध्ये सामील झाले. पाच-सहा कुटुंबं आहोत. बायबलमधले सण तिथे सांगितलेत तसेच पाळायचे, एवढाच आग्रह. अमावास्येनंतर पहिली चंद्रकोर डोळ्यांनी दिसली की महिना सुरू. वसंतात इस्राएलच्या शेतांतला जव पिकायला आला असेल तर तो वर्षाचा पहिला महिना, आणि त्यातच दोन आठवड्यांनी, गुलामगिरीतून सुटकेच्या आठवणीचं, वल्हांडणाचं जेवण. जव कच्चा असेल तर अख्खा एक महिना थांबायचं!

वॉल्टरकाका आमचे म्होरके. विमानांचे सुटे भाग तपासण्यात त्यांचा जन्म गेला, त्यामुळे कुठलीही गोष्ट तपासल्याशिवाय ते पास करत नाहीत. त्यांची बायको डॉरथीकाकू. काका-काकू हे आम्हीच लावलेलं, पण त्यांना ते मनापासून आवडतं.

*

पहिल्या वर्षी मी मॅनेजरला सांगितलं, "मार्चमध्ये किंवा एप्रिलमध्ये मला सुट्टी लागेल."

"कुठली तारीख?"

"ते बार्लीवर आहे."

सगळं समजावून सांगितल्यावर तो जराही हसला नाही. "म्हणजे एक्स्टर्नल डिपेंडन्सी!" असं म्हणून त्यानं ती सरळ प्रोजेक्ट प्लॅनमध्येच टाकली. पुढचे कित्येक आठवडे दर सोमवारी मीटिंगमध्ये मला विचारणा, "बार्लीचं स्टेटस काय?" क्लायंटसुद्धा विचारायला लागला.

शेवटी इस्राएलहून फोटो आले. जव तयार होता. त्या प्रोजेक्टमध्ये वेळेवर झालेली ती एकच गोष्ट!

*

चंद्रकोर बघायला आम्ही रेल्वे स्टेशनजवळच्या पार्किंगच्या गच्चीवर जमतो. एकानं "दिसली!" म्हणून भागत नाही, दोन साक्षीदार लागतात. काका दोघांना वेगवेगळ्या कोपऱ्यात नेऊन उलटतपासणी घेतात. कोर किती उंचीवर होती? टोकं कुठल्या बाजूला? सूर्य मावळला त्या जागेच्या उजवीकडे की डावीकडे?

एकदा दिलीपनं सगळ्यांच्या आधी हात वर केला. काकांनी त्याला बाजूला घेतलं. दिलीप ठामपणे म्हणाला, "झाडांच्या मधून दिसतेय. चांगली ठसठशीत आहे. आणि काका, शेजारी तारे पण आहेत, तीन, एका ओळीत!"

काकांनी दुर्बीण लावून बघितलं आणि शांतपणे खाली ठेवली.

"दिलीप, ते गाद्यांचं दुकान आहे."

दुकानाच्या पाटीवर झोपलेला चंद्र होता, टोपीसकट! तेव्हापासून आमच्या घरी नवीन गादी घ्यायचा विषय निघाला की दिलीप खोली सोडून जातो.

*

जव नेमका कधी 'तयार' म्हणायचा, हे फोटोवरून कुणालाच कळत नव्हतं. व्हॉट्सअपवर नुसती भांडणं. एक म्हणणार पिवळा आहे, दुसरा म्हणणार कॅमेऱ्याचा फिल्टर आहे. मग काका वैतागले. "हातात घेऊन दाणा दाबून बघितल्याशिवाय कळायचं नाही," म्हणाले आणि स्वतःच्या परसात जव पेरला.

महिनोन्‌महिने त्या वाफ्याचं कौतुक चाललं होतं. शेवटी काकांनी सगळ्यांना बोलावलं, ओंबी कशी तपासायची ते शिकवायला. आम्ही नीट वह्या-पेनं घेऊन गेलो. बघतो तर वाफ्यात फक्त बोटभर खुंट, आणि कुंपणाशी दोन ससे पोट धरून पडलेले.

काका सशांकडे बघत म्हणाले, "बरं. निदान पिकला होता, हे तर कळलं."

*

आमची ही ख्याती हळूहळू मराठी मंडळापर्यंत गेली. तिथली माझी मैत्रीण मुग्धा पुण्याची. दर संकष्टीला तिचा फोन येतो, "ए, तुम्ही चंद्रवाले ना? मग सांग ना यार, कधी उगवणार? फोनवरचं अॅप नऊ-दहा म्हणतंय आणि बाहेर नुसते ढग आहेत. मोदक गार झाले!"

एकदा हा फोन काकांसमोर आला. कोण, काय, सगळं विचारून घेतलं त्यांनी. चंद्र बघितल्याशिवाय जेवत नाही म्हटल्यावर तर त्यांना भरूनच आलं. "ही खरी माणसं!" म्हणाले. मग लगेच तपासनीस जागा झाला.

"साक्षीदार किती लागतात त्यांच्यात?"

मी विचारलं. मुग्धा पलीकडून ओरडली, "एकच आहे, आणि ती सकाळपासून उपाशी आहे म्हणावं!"

काका म्हणाले, "ग्राह्य."

*

आता हा किस्सा हसण्यासारखा नाही, पण याच्याशिवाय पुढचा कळणार नाही.

बाबा गेल्यापासून आई नगरला एकटीच असते. सणासुदीचं ताटसुद्धा एकटीनंच वाढून घेते, आणि ते माझ्या मनातून जात नाही. आधी ती आम्हाला फोनवर चिडवायची, "आपल्या चर्चच्या पाळकबाईंना तारीख कळत नाही, आणि तुमच्या त्या वॉल्टरला चंद्र सांगतो होय गं?" पण गेल्या वर्षी तिनंच म्हटलं, "एकदा तुमच्या पंगतीला बसायचंय मला." तिच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, त्यामुळे डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरचं पहिलं तिकीट काढलं. काकांनी हिशेब करून सांगितलं होतं की बुधवारी कोर फारच बारीक असेल, दिसायची नाही. गुरुवारी दिसली की वल्हांडण दोन आठवड्यांनी गुरुवारी संध्याकाळी. आई त्याच सकाळी उतरणार होती. अगदी काठावर, पण बसत होतं.

बुधवारी आम्ही रिवाज म्हणून गच्चीवर गेलो. सूर्य मावळला. सगळे जरा वेळ बघून गाड्यांकडे वळले.

आणि मला ती दिसली.

नखाच्या कडेएवढी. माझ्याशिवाय कुणालाच दिसली नव्हती. कोर आज दिसली, तर सण दोन आठवड्यांनी बुधवारीच. म्हणजे सगळे जेवत असताना आई विमानात! मी गप्प बसले असते तर कुणाला कळणारही नव्हतं.

"कुणाला काही?" काकांनी नेहमीसारखं विचारलं.

"मला दिसतेय," मी म्हटलं आणि रडायलाच लागले.

डॉरथीकाकूंनी माझ्या बोटाच्या रोखानं बघितलं. त्यांनाही दिसली. दोन साक्षीदार झाले. काकांनी आमची उलटतपासणीसुद्धा घेतली, एकही प्रश्न न गाळता! मला इतका राग आला त्यांचा. घरी येताना दिलीप म्हणाला, "तू नसतं सांगितलंस तरी चाललं असतं." मी म्हटलं, "मला नसतं चाललं."

*

दोन आठवड्यांनी बुधवारी वल्हांडण झाला. मी सारखी घड्याळाकडे बघत होते. गुरुवारी आई आली. पंगत चुकली हे कळल्यावर फक्त एवढंच म्हणाली, "असू दे, मला सवय आहे." हे ऐकून तर मला जास्तच वाईट वाटलं.

दोन दिवसांनी काकांचा फोन. "सणाच्या संध्याकाळी तुझी आई कुठे होती?"

"काका, तुम्हाला माहितीये. विमानात."

"दूरच्या प्रवासात," काका म्हणाले. "मग शास्त्रात सोय आहे. जो दूरच्या प्रवासात होता किंवा प्रेताला शिवल्यामुळे अशुद्ध होता, त्यानं पुढच्या महिन्यात जेवावं. फक्त त्यानंच. बाकीच्यांनी नाही."

मला आनंद व्हावा की संताप, तेच कळेना. म्हणजे आईनं परत एकटीनंच जेवायचं, आणि आम्ही भोवती उभं राहून बघायचं! "एखादा अपवाद करा ना काका," मी म्हटलं. "नियम मी केलेला नाही," म्हणाले आणि फोन ठेवला.

महिन्यानं काकांच्या घरी टेबल मांडलं. न आंबवलेली बेखमीर भाकर, कडू भाजी, भाजलेलं मटण. आई मोतिया रंगाची साडी नेसून एकटी बसली. आम्ही सगळे भिंतीशी. आईनं माझ्याकडे बघितलं आणि मी मान दुसरीकडे वळवली.

तेवढ्यात काका आले. खुर्ची ओढली, आईच्या समोर बसले आणि स्वतःच्या ताटात वाढून घ्यायला लागले.

दिलीपच्या तोंडून निघालं, "काका, तुम्ही कसे? तुमचं तर तेव्हाच…"

"वल्हांडणाच्या दिवशी जेवले नाहीत ते," डॉरथीकाकू म्हणाल्या. "नुसते दारापाशी बसून वाचत होते. तुमचं कुणाचं लक्षच नव्हतं. त्या सकाळी यांनी अंत्यविधीची व्यवस्था बघणाऱ्या एका फ्युनरल होमला फोन केला होता. विचारलं, खांदा द्यायला माणूस कमी पडतोय का? तिथे एक कमी होता. हे गेले. एवढी पाठ दुखते, तरी गेले!"

काकूंचा अमेरिकी उच्चार आईला कळला नाही, म्हणून मी मराठीत सांगितलं. तिनं डोळ्यांना पदर लावला. मग शाळेत शिकवायची तशा स्वच्छ इंग्रजीत तिनं काकांना विचारलं, "कोण होते ते? तुमचे मित्र?"

"नाही, मॅडम," काका भाकर मोडत म्हणाले. "ओळखत नव्हतो. पण फार जड होता."